बंद गिरणीचा पगार



मंडळाचा गणपती असो, कोजागरी असो की कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो, जेवणाची ताटं हातात आली की विषय हमखास साहेबावर येतो. कुणाचा साहेब रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करून काल काय केलंत ते विचारतो, कुणाचा वर्षातून एकदाच, अप्रेझलच्या दिवशी, ओळख दाखवतो. आम्ही संगणकवाले तर या विषयावर रात्र जागवू शकतो. माणूस तोच, काम तेच, पगारही तोच. पण एका साहेबाच्या हाताखाली तो रात्री अकरा वाजता आपणहून कोड तपासत बसतो आणि दुसऱ्याच्या हाताखाली पाचच्या ठोक्याला कोट चढवतो. असं का होतं यावर व्यवस्थापनाची पुस्तकं ढिगाने आहेत आणि त्यातली बरीचशी आमच्या ऑफिसातल्या कपाटात धूळ खात पडली आहेत. आज आम्ही पुस्तकांच्या वाटेला न जाता एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. त्याचं गिरणीचं गाव मात्र आपल्या इथेच, ग्लासगोहून गाडीने तासाभरावर, जसंच्या तसं उभं आहे. गावाचं नाव न्यू लॅनार्क आणि माणसाचं नाव रॉबर्ट ओवेन.

ओवेनचा जन्म १४ मे १७७१ चा, वेल्समधल्या न्यूटाउन नावाच्या लहानशा गावातला. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे, लोखंडी सामान विकायचे आणि गावचं टपालही सांभाळायचे. सात भावंडांत याचा नंबर सहावा. सातव्या वर्षी मास्तरांनी याला लहान मुलांना शिकवायला आपल्या हाताखाली घेतलं. नवव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. दहाव्या वर्षी पोरगा एकटा घोडागाडीत बसून लंडनला थोरल्या भावाकडे निघाला. दहाव्या वर्षी आमची आई आम्हाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटं पाठवत नसे! असो.

लंडनहून त्याची रवानगी झाली स्टॅमफर्ड गावी, मॅकगफॉग नावाच्या कापड-दुकानदाराकडे. राहणं-जेवण मालकाच्या घरी. पहिल्या वर्षी पगार नाही, दुसऱ्या वर्षी ८ पौंड, तिसऱ्या वर्षी १० पौंड. हा मॅकगफॉग मूळचा स्कॉटिश फेरीवाला, हातात टोपली घेऊन दारोदार माल विकत वर आलेला. त्याने पोराला घरच्यासारखं वागवलं, तलम कापडाची पारख शिकवली आणि आपली पुस्तकं मोकळी करून दिली. दुकानात गर्दी नसे तेव्हा ओवेन दिवसाकाठी चार-पाच तास वाचत असे. ओवेनच्या नशिबी आलेला हा पहिला साहेब.

दुसरा अनुभव लंडन ब्रिजजवळच्या एका मोठ्या दुकानातला. पगार एकदम २५ पौंड, म्हणजे आपल्या भाषेत घसघशीत जंप. पण सकाळी आठच्या आत केसांना पावडर-पोमेड लावून नटूनथटून गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं, रात्री दहापर्यंत विक्री आणि त्यानंतर अस्ताव्यस्त पडलेला माल घड्या घालून जागच्या जागी ठेवायचा. सीझनमध्ये रात्रीचे दोन वाजत. जिन्याचा कठडा धरून धरून अंथरुणापर्यंत जायचं. मालक वाईट नव्हते. कुणी मारत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. फक्त या पोरांचे पाय दुखतात हे कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. ओवेनने तिथून काढता पाय घेतला आणि ४० पौंड पगारावर मँचेस्टर गाठलं. ही दोन दुकानं एका पाठोपाठ एक पाहिली हे त्याच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने फार चांगलं झालं असं आम्हाला वाटतं.

त्या वेळचं मँचेस्टर म्हणजे आपल्या पिढीचं बंगळूर किंवा पुणं-हिंजवडी समजा. सूत कातण्याची यंत्रं नुकतीच आली होती आणि ज्याला म्हणून दोन पैसे जमवता येत होते तो गिरणीत पडत होता. ओवेनने भावाकडून १०० पौंड उसने घेऊन एका भागीदाराबरोबर यंत्रं बनवायचा धंदा काढला, तो मोडल्यावर तीन यंत्रांवर स्वतः सूत काढायला लागला. त्याच सुमाराला पीटर ड्रिंकवॉटर नावाच्या धनिकाने मँचेस्टरमध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारी मोठी गिरणी उभारली आणि त्याचा मॅनेजर त्याला सोडून गेला. ड्रिंकवॉटरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वीस वर्षांचा ओवेन अर्ज घेऊन हजर!

ही मुलाखत आम्हाला फार आवडते. पगार किती घेणार असं विचारल्यावर ओवेनने शांतपणे वर्षाला ३०० पौंड सांगितले. ड्रिंकवॉटर उडालाच. सकाळपासून जितके उमेदवार येऊन गेले त्या सगळ्यांची मागणी एकत्र केली तरी इतकी होत नाही, असं तो म्हणाला. ओवेनने सांगितलं की इतर काय मागतात ते मला माहीत नाही, मी माझ्या धंद्यात तेवढे मिळवतो आणि कमी घेणार नाही. ड्रिंकवॉटरने त्याच्या वह्या तपासल्या, आकडा खरा निघाला आणि नोकरी मिळाली. हाताखाली ५०० माणसं, बाया आणि पोरं. एवढी मोठी गिरणी ओवेनने आतून कधी पाहिलेलीही नव्हती.

आता नवा मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात काय करतो ते आपण सगळे जाणतो. जुनी पद्धत मोडीत, नवा तक्ता भिंतीवर आणि पंधरा दिवसांत दुसरा तक्ता. ओवेन सहा आठवडे काहीच बोलला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, रात्री कुलूप लावून शेवटी जायचा. दिवसभर प्रत्येक खात्यातून फिरायचा, यंत्रं आणि माणसं बघायचा. कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचा. आपणहून एकही हुकूम सोडला नाही. सहा आठवडे झाले तेव्हा गिरणीचा कानाकोपरा त्याला पाठ झाला होता आणि मगच त्याने सुधारणेला हात घातला. त्याआधी गिरणीतून जास्तीत जास्त १२० नंबरचं सूत निघत असे, ते त्याने ३०० च्या वर नेलं. (सुताचा नंबर जितका जास्त तितकं सूत तलम.) पुढे सुताच्या गठ्ठ्यांवर त्याचं नाव छापलं जाऊ लागलं आणि त्या नावावर बाजारात जास्त भाव मिळू लागला.

ड्रिंकवॉटर स्वतः गिरणीत क्वचितच फिरकायचा. त्याने खूश होऊन करार करून दिला : दुसऱ्या वर्षी ४०० पौंड, तिसऱ्या वर्षी ५०० आणि चौथ्या वर्षी गिरणीत चौथाईची भागीदारी. आणि इथेच माशी शिंकली. सॅम्युएल ओल्डनो नावाच्या बड्या कारखानदाराचं ड्रिंकवॉटरच्या मुलीशी लग्न ठरायच्या बेतात आलं आणि होणाऱ्या जावईबापूंना धंद्यात तिऱ्हाईत नको होता. ड्रिंकवॉटरने ओवेनला बोलावून विचारलं की पगार तू म्हणशील तेवढा घे, पण भागीदारीचा करार सोडशील का? ओवेन करार खिशात घालूनच गेला होता. त्याने तो तिथल्या तिथे विस्तवात टाकला आणि नोकरीही सोडतो असं सांगितलं. पगार तू म्हणशील तेवढा, ही ऑफर आजवर आम्हाला तरी कुणी दिलेली नाही. पण विचार करा, गिरणीतला सगळ्यात चांगला माणूस पैशाअभावी गेला नाही. दिलेला शब्द फिरवला म्हणून गेला. ओवेनचा हा तिसरा धडा, आणि पुढे न्यू लॅनार्कला तो या धड्याला विसरला नाही.

न्यू लॅनार्क वसवलं डेव्हिड डेल या ग्लासगोच्या सावकार-व्यापाऱ्याने १७८५-८६ च्या सुमाराला. क्लाइड नदीच्या धबधब्यांखाली, खोल दरीत, पाण्याच्या जोरावर गिरण्या चालवायच्या म्हणून ही जागा. पण दरीत कामाला येणार कोण? गिरणीला नावं ठेवणाऱ्या स्कॉटिश माणसाला रोज घंटेवर आत आणि घंटेवर बाहेर हा प्रकार कैदेसारखा वाटे. मग डेलने एडिंबरा-ग्लासगोच्या अनाथाश्रमांतून मुलं आणली, पाच-सहा वर्षांची सुद्धा. १७९१ मध्ये स्काय बेटावरच्या लोकांना अमेरिकेत घेऊन निघालेलं जहाज वादळामुळे परत किनाऱ्याला लागलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना डेलने आपल्याकडे काम आणि घर दिलं. म्हणजे गावातले कितीतरी लोक आपल्यासारखेच घर सोडून निघालेले, बोलायला गेलिक, आणि अमेरिकेऐवजी क्लाइडच्या काठी येऊन पडलेले. डेल दयाळू माणूस होता, मुलांना खायला-प्यायला व्यवस्थित द्यायचा. पण सकाळी सहा ते संध्याकाळी सात गिरणी आणि त्यानंतर शाळा, असा त्या पोरांचा दिवस. पोरं फळ्यासमोर पेंगत.

ओवेन आणि त्याच्या मँचेस्टरच्या भागीदारांनी या गिरण्या ६०,००० पौंडांना घेतल्या, वर्षाला ३,००० पौंडांच्या हप्त्याने वीस वर्षं. ३० सप्टेंबर १७९९ ला ओवेनचं डेलच्या मुलीशी, कॅरोलाइनशी, लग्न झालं. (सौदा आधी की सूत आधी जमलं, यावर मँचेस्टरच्या भागीदारांनी चर्चा केली असणारच!) १ जानेवारी १८०० ला त्याने कारभार हाती घेतला.

गावात दीड-दोन हजार वस्ती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, दाराशी उकिरडा. दारू आणि चोरी नित्याची. सूत, बॉबिन, तेल, जे हाताला लागेल ते घरी जायचं. आणि नवा साहेब परका. वेल्सचा असला तरी गावाच्या लेखी तो इंग्रज, बोलणं वेगळं, वर जुन्या मालकाचा जावई. याने काहीही नवं काढलं की यामागे आपल्याकडून जास्त काम उकळायचा डाव आहे, असंच लोक धरून चालत. पहिली सहा वर्षं ओवेनला या अविश्वासाशी झगडण्यात गेली. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण ओवेनची गोष्ट बहुतेक ठिकाणी जादूच्या कांडीसारखी सांगितली जाते. सहा वर्षं म्हणजे आजकाल एका माणसाच्या तीन नोकऱ्या.

या सहा वर्षांत त्याने काय केलं? चोराला पकडून तुरुंगात धाडणं त्याला पटत नव्हतं. त्याने माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मोजायची पद्धत बसवली. चूक कुठे झाली ते लगेच कळू लागलं आणि चोरी करणं अवघड झालं. अनाथ मुलं आणणं बंद केलं, दहा वर्षांखालच्या मुलाला काम बंद केलं. घरं वाढवली. गावातले दुकानदार भेसळीचा माल उधारीवर चढ्या भावात विकत असत. ओवेनने गिरणीचं स्वतःचं दुकान काढलं, घाऊक खरेदी करून चांगला माल जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या पगारातून साठावा हिस्सा कापून आजारी, जखमी आणि म्हाताऱ्यांसाठी फंड केला. सगळं चांगलंच. तरी गावाचं मन काही वळेना.

ते वळलं एका संकटात. १८०७ च्या आसपास अमेरिकेने ब्रिटनशी व्यापार रोखला. न्यू लॅनार्कचा कापूस अमेरिकेतून यायचा. भाव भडकले. इतक्या महाग कापसाचं सूत काढलं आणि उद्या बंदी उठून भाव पडले तर दिवाळं निघणार, आणि गिरणी बंद ठेवली तर माणसं उपाशी. गिरणी मालकांनी तेव्हा जे करायचं तेच बहुतेकांनी केलं, म्हणजे माणसं काढली किंवा पगार कापले. ओवेनने यंत्रं थांबवली आणि जाहीर केलं की बंदी असेपर्यंत यंत्रं पुसून-तेल घालून नीट ठेवणं एवढंच काम, पगार मात्र पूर्ण. चार महिने यंत्रं बंद होती. चार महिन्यांत ७,००० पौंडांहून जास्त रक्कम पगारात गेली, आणि एकाही माणसाच्या पगारातून एक पेनी कापली गेली नाही. २००८ साली आपल्यातल्या कितीतरी घरांनी शुक्रवारी दुपारी आलेलं मीटिंगचं आमंत्रण पाहिलं आहे. त्यांना या चार महिन्यांची किंमत समजावून सांगायला नको.

यानंतर गावाने ओवेनला अडवलं नाही. जे सहा वर्षांच्या सुधारणांनी झालं नव्हतं ते चार महिन्यांच्या शांत यंत्रांनी झालं. सुधारणांचा फायदा मालकालाही होता, दुकानाचा होता, मोजणीचा तर होताच होता. बंद गिरणीच्या पगारात मालकाचा उघड तोटा होता आणि तो प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होता. आमच्या मते ओवेनच्या सगळ्या चरित्राची किल्ली इथे आहे.

आता त्या प्रसिद्ध ठोकळ्याकडे येऊ. संगणकवाल्यांना तो पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही. लाकडाचा चौकोनी तुकडा, साधारण दोन इंच लांब, एक इंच रुंद. चार बाजूंना चार रंग : काळा, निळा, पिवळा, पांढरा. प्रत्येक कामगाराच्या जागेशेजारी असा एक ठोकळा तारेने टांगलेला. काल काम वाईट केलं असेल तर आज काळी बाजू पुढे, बेताचं असेल तर निळी, चांगलं असेल तर पिवळी आणि उत्तम असेल तर पांढरी. खात्याचा मुकादम रोज रंग ठरवी आणि तोच रंग आकड्यात एका वहीत नोंदला जाई. अशी प्रत्येक खात्याची वही, माणसागणिक रोजची नोंद. रविवार सोडून वर्षभर. आमच्या प्रोजेक्टच्या लाल-पिवळ्या-हिरव्या तक्त्याचे हे खापरपणजोबा.

ओवेन खात्यातून चालत जायचा, ठोकळ्याकडे बघायचा, मग माणसाकडे बघायचा आणि पुढे जायचा. बोलायचं काही नाही. काळ्या रंगासाठी दंड नाही, मार नाही, शिवी नाही. त्या काळात गिरणीत पट्टा चालवणारे मुकादम सर्रास होते हे लक्षात घ्या. मुकादमाने रंग अन्यायाने लावला असं वाटलं तर कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येत होती. सुरुवातीला काळे ठोकळे भरपूर दिसायचे, हळूहळू निळे, मग पिवळे आणि पुढे पांढरे वाढत गेले.

व्यवस्थापनावर लिहिणारे लोक या ठोकळ्यावर फार खूश असतात. आम्हाला वाटतं, ठोकळा उचलणं सोपं आहे म्हणून सगळे ठोकळाच उचलतात. त्याचं नाव दर वर्षी बदलतं, रंग तेच राहतात. पण दाद मागायची सोय त्यातून गळते, आणि मुख्य म्हणजे बंद गिरणीचा पगार गळतो. ज्याने आपल्याला चार महिने काम नसताना पोसलं त्याच्या नजरेत आपला ठोकळा काळा दिसू नये असं वाटणं वेगळं, आणि ज्याचं नावही धड माहीत नाही अशा माणसाच्या एक्सेल शीटमध्ये आपली ओळ लाल होणं वेगळं. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात नुसती भीती. लाजेने माणूस काम सुधारतो, भीतीने तक्ता सुधारतो. हिरवा तक्ता आणि कोसळलेला प्रोजेक्ट एकत्र नांदताना आपण सगळ्यांनी पाहिलेत.

१८१३ पासून ओवेनने समाजाविषयीचे आपले विचार निबंधांच्या रूपाने छापले. त्यात कारखान्यांच्या देखरेख्यांना उद्देशून त्याने एक हिशेब मांडला. तुम्ही लोखंडाच्या यंत्राला तेल घालता, पुसता, त्याची झीज होऊ देत नाही, कारण त्यात फायदा आहे हे तुम्हाला पटलंय. मग त्याहून कितीतरी नाजूक आणि गुंतागुंतीच्या जिवंत यंत्राकडे तसंच लक्ष दिलंत तर परतावा कैकपटीने मिळेल. माणसाला यंत्र म्हणणं कानाला खटकतं खरं. पण समोर बसलेल्या मालकांना नफ्याखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

त्या भाषेतही त्याचे स्वतःचे भागीदार काही त्याला ऐकेनात. गिरणी नफ्यात होती, तरी शाळेवर खर्च कशाला, घरांवर कशाला, अशी कुरकुर चालूच. एकदा १८०९ च्या सुमाराला त्याने पहिल्या भागीदारांना बाजूला केलं, तेव्हा गिरण्यांची किंमत ८४,००० पौंड धरली गेली. नव्या भागीदारांनी तर त्याला मॅनेजरपदावरूनच घालवलं आणि १८१३ मध्ये गिरण्या लिलावात काढल्या. स्वस्तात पदरात पाडून घ्याव्यात म्हणून त्या काही कामाच्या नाहीत, ओवेनने वाट लावली अशी आवई त्यांनीच उठवली. ओवेन तोवर लंडनमध्ये नवे भागीदार जमवून बसला होता. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम त्यात होता, क्वेकर पंथाचा विल्यम ॲलन होता. अट एकच : भांडवलावर पाच टक्के घ्यायचे, वरचा नफा कामगारांच्या मुलांसाठी. लिलाव चढत चढत १,१४,१०० पौंडांवर गेला आणि ओवेनने गिरण्या जिंकल्या.

बातमी गावात पोचली तेव्हा लोकांनी खिडक्यांत दिवे लावले. ओवेन परत आला त्या दिवशी लॅनार्क शहराच्या अलीकडेच लोकांनी त्याची गाडी गाठली, घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत दरीत खाली गावापर्यंत नेली. तेरा वर्षांपूर्वी ज्याच्या प्रत्येक शब्दात डाव शोधला जात होता तोच हा माणूस.

१ जानेवारी १८१६ ला त्याची शाळा सुरू झाली. चालता येऊ लागलेल्या मुलापासून प्रवेश, छडीला बंदी, पुस्तकांपेक्षा नकाशे, चित्रं, गाणी, नाच, आणि बाहेर रानात फिरणं. संध्याकाळी त्याच इमारतीत मोठ्यांसाठी वर्ग, व्याख्यानं, नाचगाणी. त्याच वर्षी कामाचा दिवस जेवणाच्या सुट्ट्या धरून बारा तास, म्हणजे प्रत्यक्ष काम पावणेअकरा तासांवर आला. हे बघायला युरोपभरातून माणसं यायला लागली. १८१५ ते १८२५ या दहा वर्षांत भेट देणाऱ्यांच्या वहीत सुमारे वीस हजार नावं पडली, पुढे रशियाचा झार झालेला निकोलसही त्यात होता. ओवेनने मुलांच्या कामावर बंधन घालणारा कायदा व्हावा म्हणून पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवल्या. १८१९ मध्ये कायदा झाला, पण इतका पातळ करून की नऊ वर्षांवरच्या मुलाला बारा तास राबवायची मुभा राहिलीच. (आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. कायद्याची गाडी कुठेही अशीच चालते.)

आता ओवेनसाहेबांची दुसरी बाजू. न्यू लॅनार्कच्या लोकांना त्याने खूप दिलं, पण विचारलं फार कमी. घरं स्वच्छ आहेत का ते बघायला तपासणी पथक घरोघरी फिरे. गावच्या बायकांनी त्यांचं नाव ढेकूण-शोधे ठेवलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात कंपनीची माणसं शिरली तर आपल्या आयांनी काय केलं असतं ते सांगायला नको! दारू पिऊन दिसलं तर दंड होता. गिरणी कशी चालावी यात कामगाराचं मत धरायची कुठलीच सोय नव्हती. शिवाय ज्या कापसावर हे सगळं उभं होतं तो अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला होता. दरीतल्या माणसांची झीज मोजणाऱ्या ओवेनला समुद्रापलीकडची ती माणसं आपल्या हिशेबात धरता आली नाहीत.

आणि सगळं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होतं हे अमेरिकेत उघडं पडलं. मुलांच्या नाचण्यावरून आणि धर्मशिक्षणावरून विल्यम ॲलनशी खटके उडू लागले, न्यू लॅनार्कमधून मन उठलं. १८२५ मध्ये त्याने इंडियाना राज्यात न्यू हार्मनी नावाची अख्खी वसाहत विकत घेतली. सगळी मालमत्ता सर्वांची, सगळे समान. जाहीर आमंत्रण गेलं आणि शेकडो लोक येऊन दाखल झाले. त्यात विद्वान भरपूर, सुतार-लोहार थोडे. सहा आठवडे गप्प राहून माणसं पारखणारा ओवेन या वेळी पारखायला थांबलाच नाही. भाषणं करून इंग्लंडला निघून गेला, महिनोन्महिने आलाच नाही. दोन-तीन वर्षांत घटना वारंवार बदलल्या, भांडणं झाली, गट फुटले, आणि १८२७ पर्यंत प्रयोग आटोपला. त्याच्या संपत्तीचा सुमारे चार पंचमांश भाग त्यात गेला. त्याची मुलं मात्र अमेरिकेतच राहिली आणि नावारूपाला आली. थोरला रॉबर्ट डेल ओवेन पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला, आणि वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था ज्या कायद्याने स्थापन झाली त्यासाठी तो झटला.

परत आल्यावर ओवेन गिरणीत गेला नाही, कामगारांच्या सभांत गेला. १८३४ मध्ये देशभरच्या कामगारांची एक प्रचंड संघटना त्याच्या पुढाकाराने उभी राहिली आणि काही महिन्यांत मोडली. तिच्यापेक्षा न्यू लॅनार्कचं ते साधं दुकान जास्त टिकलं म्हणायचं. ओवेनच्या विचारांनी भारलेल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये स्वतःचं सहकारी दुकान काढलं आणि जगभरातली ग्राहक सहकारी चळवळ त्यांच्याकडे बोट दाखवते. यात ओवेनने न केलेली गोष्ट विणकरांनी केली : दुकानाचे मालक तेच, आणि मतही प्रत्येकाला एक.

म्हातारपणी ओवेन मृतात्म्यांशी बोलण्याच्या नादाला लागला, जुने मित्र हळहळले. १८५८ च्या शरद ऋतूत ८७ वर्षांचा हा म्हातारा आजारी अवस्थेत न्यूटाउनला पोचला आणि १७ नोव्हेंबरला, जन्मघराच्या शेजारच्याच इमारतीत, त्याने प्राण सोडला. आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरलं.

न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ पर्यंत चालू होत्या. नंतर गाव मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करून उभं केलं, आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. स्कॉटलंडला जाणार असाल तर एडिंबराचा किल्ला आणि लॉख नेस यांच्या मध्ये एक दिवस यासाठी काढा. ग्लासगो सेंट्रलहून लॅनार्कला थेट गाडी आहे, तिथून दरीत उतरायला मैल-दीड मैल. शाळेची इमारत, दुकान, ओवेनचं घर, कामगारांच्या खोल्या सगळं चालत बघता येतं. आणि ठोकळाही पाहायला विसरू नका, इतका लहान आहे की नजरेतून सुटतो. पुढे नदीकाठाने धबधब्यापर्यंत पायवाट जाते. मुलं बरोबर असतील तर बूट मात्र चांगले घाला, ती वाट उन्हाळ्यातही ओली असते.